आजचा रंग, आजची गाणी

नवरात्र बसलं की मुंबईच्या लोकलचा लेडीज डबा रोज एकेका रंगाचा होतो. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी. वारांचे हे सात रंग ठरलेले. उरलेल्या दोन दिवसांसाठी मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले दोन. साडी जुळते, टिकली जुळते, बांगड्या जुळतात. मग कानातल्या हेडफोनमध्ये वाजणारी गाणीही त्याच रंगाची का नसावीत?

कल्याणहून सीएसएमटीला पोचायला फास्ट लोकलनं साधारण तासभर लागतो. तेवढ्यात पंधरा-सोळा गाणी सहज बसतात. प्लेलिस्ट तेवढीच करायची, पण निगुतीनं.

मराठी गाणं 'पांढरा' असं क्वचित म्हणतं. ते मोगरा म्हणतं. ज्ञानेश्वरांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. 'मोगरा फुलला'नं सोमवार उघडला की पुढच्या गाण्यांना आपोआप शिस्त लागते. ढोल-ताशाचं गाणं त्याच्या शेजारी बसतच नाही.

मंगळवारचा लाल ठिणगीतून येतो. 'ऐरणीच्या देवा', 1965 चा 'साधी माणसं'. संगीतकार आनंदघन, म्हणजे लताबाईच. लोहाराच्या भट्टीपुढे बसल्यासारखं वाटतं. आणि 'शेंदूर लाल चढायो'? शब्दात लाल आहे, पण शेंदूर माखलेली मूर्ती डोळ्यांसमोर आणा. ती केशरी दिसते. ही आरती रविवारच्या यादीत हवी. नावावर जाऊन गाणी भरली की यादी फसते ती इथे.

पिवळ्यासाठी 'चाफा बोलेना'. कवी बी यांची कविता, वसंत प्रभूंची चाल. माझ्या मनात हा चाफा सोनचाफाच आहे. पिवळा म्हटलं की जेजुरीचा भंडाराही आलाच, म्हणून अजय-अतुल यांचं 'मल्हारवारी'. पण ही दोन गाणी पाठोपाठ लावून पाहा. जुनं रेकॉर्डिंग मवाळ, नवं दणदणीत. कान दचकतो, हात आवाज कमी करायला धावतो. मध्ये जागरणातलं एखादं पद घालावं, नुसत्या दिमडी-तुणतुण्यावरचं. मग चाफ्यापासून भंडाऱ्यापर्यंत वाट नीट जाते.

(दृश्य: फलाटावर राखाडी ओढण्या, वर भरून आलेलं आभाळ)

शनिवार आला की सगळे अडतात. राखाडीवर कोण गाणं लिहिणार? आरती प्रभूंनी लिहिलंय, फक्त रंगाचं नाव घेतलेलं नाही. 'ये रे घना'. आशाबाई ढगाला बोलावतात. त्याच्यामागे मन्ना डे यांचं 'घन घन माला नभी दाटल्या' लावा. आधी हाक, मग दाटलेलं आभाळ, मग धारा. आठवड्यातला सगळ्यात निरस वाटणारा रंग, आणि त्याचीच यादी सगळ्यांत भरदार होते. पावसावर मराठी कवींनी इतकं जीव ओतून लिहिलंय की गाणी कापावी लागतात.

हिरव्याला बालकवी आहेतच. मोरपंखीला 'नाच रे मोरा', गदिमांचे शब्द आणि पुलंचं संगीत. जांभळा आला तर 'जांभूळ पिकल्या झाडाखाली', ना. धों. महानोरांचं. गुलाबीसाठी वैशाली सामंतचं 'ही गुलाबी हवा' पुरे.

बुधवारचा निळा मात्र मुद्दाम शेवटी ठेवला. पाडगावकरांचं, खळ्यांनी बांधलेलं 'श्रावणात घननिळा बरसला' तिथे बसतं. पण त्याच्यामागून माणिक वर्मांचं 'सावळाच रंग तुझा' आलं की निळ्याची हद्द संपते. घननिळा आणि सावळा वेगळे काढता येत नाहीत. कृष्णाला आपण दोन्ही म्हणतो, विठोबाला तर सावळाच म्हणतो. आणि नवरात्राच्या नऊ रंगांत काळ्याला जागाच नाही. ज्या भाषेतले अभंग सावळ्या रूपानं भरलेत, ज्या मुलखाची माती काळी आहे, तिथे हा रंग वगळून गाण्यांची यादी पुरी कशी व्हायची?

म्हणून दसऱ्यासाठी दहावी यादी करायची. सुरुवातीला विठ्ठल वाघांचं 'काळ्या मातीत मातीत', मग तुकोबांचं 'सावळे सुंदर रूप मनोहर', आणि बुधवारी वाजलेलं 'सावळाच रंग तुझा' इथे पुन्हा एकदा.