एक भेंडा बियाण्याला ठेवा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'बालवाडीतल्या मुलांना झाडाचं जीवनचक्र', त्यावर बोलणारच आहे, पण आधी कापसातल्या मुगाबद्दल बोलू दे, बरीच वर्षं मनात साचलंय.

माझी मुलगी बालवाडीत होती. शाळेचं नाव नको. प्रत्येकाने घरून वाटी आणायची, त्यात ओला कापूस, वर चार मूग. दुसऱ्या दिवशी मोड, पाचव्या दिवशी हिरवी पानं, पोरं नुसती नाचत होती. मग प्रदर्शन झालं, पालकांनी फोटो काढले, आणि दोन दिवसांनी वाट्या धुवून परत. हिने विचारलं, "माझो मूग खंय गेलो?" तर बाई म्हणाल्या, "झाला आपला प्रोजेक्ट." नंतर कितीतरी दिवस ती शाळेत गेल्या गेल्या केराच्या डब्यात डोकावायची. आणि त्याच वर्गात भिंतीवर तक्ता, बी, रोप, फूल, फळ, परत बी, बाण काढून छान गोल केलेला! तक्त्यावर गोल पुरा झाला, वाटीत मात्र पानांपुढे काही गेलंच नाही. मला त्याचा राग अजून येतो.

बरं, वाट्या ठेवल्या असत्या तरी ते मूग आठ-दहा दिवसांत माना टाकणारच होते. कापसात पाणी आहे, दुसरं काय आहे? रोप सुरुवातीला स्वतःच्या दाण्यातल्या पिठावर वाढतं, ती शिदोरी संपली की त्याला माती लागते. हे चार वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही, पण दाखवून कळतं, आणि आपल्याकडे ते दाखवायची सोय स्वयंपाकघरातच आहे. आज सोमवार, कितीजणांकडे मुगागाठी, म्हणजे मोड आलेल्या मुगांचं कालवण? बघा, अर्धा हॉल! मोड आलेले मूग सोलायला मुलांना बसवा. साल सुटली की डाळीची दोन दलं, आणि ती हळूच उघडली की मधे घडी घातलेली दोन पानं, टाचणीच्या डोक्याएवढी. माझ्या पुतण्याने हे बघितलं आणि तो दाणा काही केल्या पातेल्यात टाकायला तयार होईना, "हांगा झाड निजलां" म्हणे.

आमची आजी शाळेत गेली नव्हती. पावसात परसात भेंडे, म्हणजे भेंडी, लावायची, आपले सात शिरांचे, लांब. पहिल्या बहरातला एक चांगला भेंडा निवडायची आणि त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. आम्ही हात पुढे केला की ओरडायची, "ताका हात लावूं नाका, तो बियांक दवरला!" आम्ही रोज बघायचो, हिरव्याचा पिवळट, मग तपकिरी, लाकडासारखा कडक, आणि एक दिवस शिरांवर आपोआप उकललेला. हलवला की खुळखुळा. बी राखेत घोळवून बाटलीत. अख्खं जीवनचक्र त्या चिंधीत होतं हो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. ठीक आहे, आता मुख्य मुद्दा भरभर सांगते.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की भेंडी लावा. पोत्यात किंवा उंच वाफ्यात, मुळांशी पाणी तुंबलं तर रोप कुजतं. पाच वर्षांच्या मुलाला 'चार महिने' म्हणजे काय ते कळत नाही, म्हणून सणांनी मोजा, नागपंचमीच्या सुमाराला कळ्या-फुलं, गणपतीच्या चवथीला भेंडे, दसऱ्या-दिवाळीकडे वाळलेलं बी. फूल पिवळं, आत गडद लाल, सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं ते कायमचंच, म्हणून त्या दिवशी मुलांना सकाळीच बाहेर न्या, पाऊस असला तरी छत्र्या घेऊन. फूल गळलं की भेंडा स्वतःच्या बोटाशी लावून रोज मोजू द्या. लव खाजते, तोडायचं काम बाईंनी करावं. आणि एक भेंडा चिंधी बांधून सोडा.

झाड पिवळं पडेल तेव्हा मुलं विचारतील, मेलं का? हो म्हणा. पाणी घालायला विसरलात म्हणून नव्हे, भेंडीचं झाड तेवढंच जगतं, हे नीट सांगा आणि तेव्हाच शेंग उघडा. आम्ही एका भेंड्यात पन्नासच्या वर दाणे मोजलेत, एका दाण्याचे! जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला 'मुलांची बाग' असं नाव दिलं, आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू करून शाळा अंगणात नेली, त्यावर बोलायचं होतं, राहिलं.

शेवटचं. ते बी पहिलीत जाणाऱ्या मुलांनी पुढच्या जूनमध्ये नवीन आलेल्या मुलांच्या हातावर ठेवायचं, बाईंनी नाही. दाराजवळच्या टेबलावर पुड्या ठेवल्यात, सातशिरी आहे, प्रत्येकीने एक न्या. रात्रभर भिजत घाला आणि एका खड्ड्यात दोन दाणे टाका.