स्पर्शाचा काठ

श्रोतेहो, आपण ज्याला टचस्क्रीन म्हणतो त्या पडद्याला स्पर्श असा जाणवतच नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. आपले बोट टेकते ती काच हे केवळ वरचे आवरण असते. मोजणी होते ती तिच्याखाली, सहसा इंडियम टिन ऑक्साइड या पारदर्शक आणि वीजवाहक पदार्थाच्या पट्ट्यांमध्ये. या पट्ट्यांचा एक संच आडवा आणि दुसरा उभा असतो, आणि जिथे त्या एकमेकींवरून जातात तिथे प्रत्येक ठिकाणी एक इवलेसे धारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारी रचना, तयार होते. एका संचातील पट्ट्यांना आळीपाळीने विद्युत स्पंदने दिली जातात आणि दुसऱ्या संचावर त्यांचा परिणाम मोजला जातो. बोट जवळ आले की, मानवी शरीर वीजवाहक असल्यामुळे, तिथल्या विद्युतक्षेत्राचा काही अंश बोटाकडे ओढला जातो आणि त्या छेदबिंदूची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित घटते. ही घट एका पिकोफॅरडहूनही, म्हणजे धारितेच्या एका अतिसूक्ष्म एककाहूनही, कमी असते. जाड हातमोजा घातला की पडदा दाद देत नाही, आणि काचेवर पाणी सांडले की त्याला नसलेली बोटे दिसू लागतात, त्याचे कारण हेच.

आडव्या 10 आणि उभ्या 15 पट्ट्या घेतल्या तर 25 जोडण्यांतून 150 छेदबिंदू स्वतंत्रपणे तपासता येतात. म्हणूनच दोन बोटे एकाच वेळी टेकली तरी त्यांची गल्लत होत नाही. शिवाय बोट शेजारच्या अनेक छेदबिंदूंवर कमीअधिक परिणाम करते, आणि त्या प्रमाणावरून बोटाचे स्थान पट्ट्यांमधील अंतरापेक्षाही बारकाईने काढता येते.

ही कल्पना काल-परवाची नाही. ब्रिटनमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी 1965 साली अशा पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते आणि त्यांच्यापुढे उपयोग होता हवाई वाहतूक नियंत्रणाचा. पुढे सर्न या युरोपातील कणभौतिकी संशोधन केंद्रात बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी 1970च्या दशकात त्वरकाच्या, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या, नियंत्रण कक्षासाठी पारदर्शक स्पर्शपडदा घडवला, कारण त्या यंत्रणेला लागणारी असंख्य बटणे एका कक्षात मावणे कठीण होते. एकाच जागेवर कामाप्रमाणे बदलणारी बटणे दाखवणे, हा त्यांचा मार्ग आज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील नवेपणा मुद्दाम आठवावा लागतो.

आता हात काचेपासून दूर नेऊ. हवेतील हाताचे स्थान ओळखणे हे आज फारसे अवघड राहिलेले नाही. काही कॅमेरे अवरक्त प्रकाश सोडून तो परत येण्यास लागलेला वेळ मोजतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे 30 सेंटिमीटर जातो, त्यामुळे हात एक सेंटिमीटर पुढे सरकला तर जाण्या-येण्याच्या वेळेत जेमतेम 67 पिकोसेकंदांचा (एक पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) फरक पडतो, आणि तेवढाही फरक पकडता येतो. खरी अडचण आहे ती पुढेच. काचेवरच्या स्पर्शाला काठ असतो. बोट टेकले तिथे क्रिया सुरू झाली आणि उचलले तिथे ती संपली, याविषयी माणसाला आणि यंत्रालाही शंका राहत नाही. हवेतील हालचालीला असा काठ नाही. मी बोलताना हात हलवतो, कपाळ पुसतो, चष्मा सावरतो. यांपैकी कोणती हालचाल यंत्रासाठी होती, हे यंत्राने कसे ठरवावे?

या प्रश्नाचे मला सर्वांत आवडणारे उत्तर 1980 सालचे आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये रिचर्ड बोल्ट यांनी अशी व्यवस्था मांडली की मोठ्या पडद्यासमोर बसलेला माणूस बोट दाखवत ‘ते तिथे ठेव’ असे म्हणे, आणि पडद्यावरील आकृती हलत असे. कुठे, हे हात सांगत होता. केव्हा, हे शब्द सांगत होते. हाताला नसलेला काठ आवाजाने पुरवला होता. अलीकडे डोळ्यांवर चढवायच्या उपकरणांमध्ये अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट रुळली आहे, तीही माझ्या मते याच कारणाने: तिथे हात स्वतःलाच स्पर्श करतो, आणि आरंभ व शेवट पुन्हा त्वचेला कळतात.

काठ कुठे असावा, हे मात्र वापरणाऱ्यावर अवलंबून असते. अंध व्यक्तीला गुळगुळीत काचेवर चाचपडून काहीच कळत नाही, आणि चाचपडताना प्रत्येक स्पर्श आज्ञा ठरला तर तो पडदा तिच्यासाठी बंदच होतो. 2009 साली आयफोनमध्ये आलेल्या व्हॉइसओव्हर या सोयीने शोधण्याचा स्पर्श आणि ठरवण्याचा स्पर्श वेगळे केले. बोट फिरवले की खालच्या बटणाचे नाव ऐकू येते, आणि निवड करायची तर दोनदा टकटक करावी लागते. हा बदल लहान दिसतो, पण त्यासाठी स्पर्श म्हणजे काय, याचा मुळापासून फेरविचार करावा लागला. टचस्क्रीन लावलेल्या प्रत्येक सार्वजनिक यंत्रात तो व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

हवेलाही काठ देण्याचे प्रयत्न चालू आहेत. अनेक छोट्या स्रोतांतून निघणाऱ्या, कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटल्या आणि त्यांची तीव्रता त्वचेला जाणवेल अशा संथ गतीने कमीजास्त केली, तर मोकळ्या हवेत तळहातावर हलकी थरथर उमटते. बटण कुठे आहे, हे त्यातून हाताला समजते. पण बोट ज्या ठिकाणी थांबायला हवे तिथे ती थरथर त्याला अडवू शकत नाही, आणि बोट तिच्यातून आरपार निघून जाते.