नवतप्यातला नेचा

[दृश्य : मे महिना, पेंचच्या जंगलातला निष्पर्ण साग]

मे महिन्यात पेंचला गेलात तर साग उघडाबोडका उभा दिसतो. पाणीच नाही तर पानं कशाला सांभाळायची, असा त्याचा रोखठोक हिशेब. विदर्भातलं बहुतेक जंगल याच चालीचं, पानझडी. उन्हाळा लागला की पसारा आवरायचा आणि मृगाची वाट बघायची.

नेच्याला ही युक्ती ठाऊक नाही. नर्सरीत ‘बोस्टन फर्न’ म्हणून मिळतो तो नेफ्रोलेपिस. १८९४ साली बोस्टनला गेलेल्या रोपांच्या खेपेत तो वेगळा उठून दिसला, असं सांगतात. म्हणून नाव बोस्टनचं. त्याचं मूळ घर मात्र अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातली दमट जंगलं. तिथे एक पान वाळतं तेव्हा मधून दुसरं उलगडत असतं. बारा महिने हिरवं राहायचं, म्हणजे बारा महिने पाणी लागणार. आणि असं झाड आपण नागपुरात, पोर्चमध्ये टांगतो!

[दृश्य : नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांतली दुपार, ओस रस्ता]

२०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण सावलीतला नेचाही करपतो तो हवेमुळे. उन्हाळी दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. मुळं जेवढं पाणी चढवतात त्याहून जास्त पानांतून उडतं. आधी टोकं तपकिरी होतात, मग आख्खी पाती हातात चुरा होऊन येते. घरचे घाबरून आणखी पाणी ओततात. वर तहान, खाली चिखल, आणि आठवड्याभरात मुळं कुजलेली.

इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात थंड हवेच्या पचमढीला मुक्काम हलवायचं. तिथल्या ओल्या दऱ्यांमध्ये आजही वृक्षनेचे उभे आहेत. साहेबांना जागा बरोबर सापडली होती म्हणायची.

[दृश्य : खिडकीतला कूलर, वाळ्यावरून ओघळणारं पाणी]

कुंडीला पचमढी परवडत नाही, पण नागपूरकराकडे कूलर आहे. कूलर करतो तेच नेच्याला हवं असतं, हवा ओली करणं. फक्त झोतासमोर कुंडी ठेवू नका. सतत अंगावर येणारा वारा, थंड असला तरी, पान सुकवतोच. खोलीचा उजेडाचा कोपरा बघा, जिथे पडदा हलत नाही. एकाच परातीत ओली वाळू पसरून तीन-चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर एकमेकींच्या ओलाव्यावर त्या बऱ्या राहतात. बाहेरच ठेवायच्या असतील तर पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू, वर हिरवी जाळी, आणि बाजूला ओलं गोणपाट.

एक खोड मात्र घरोघरी दिसते. कूलरची टाकी रिकामी करताना उरलेलं पाणी झाडांना घालतात. वाया जाऊ नये ही भावना चांगली. पण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात. वाळ्यावर जमणारा पांढरा थर बघा. तेच कुंडीत गेलं की टोकं जळतात.

माती? आपली काळी माती कपाशीलाच राहू द्या. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि नेच्याची बारीक मुळं त्या भेगेत तुटतात. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी वाळू पुरे.

[दृश्य : पान उलटं करणारा हात, पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या दोन रांगा]

“भाऊ, हे पाहा जी, कीड लागली.” नर्सरीत हे वाक्य नेहमी कानावर पडतं. नीट बघा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर ठिपके. कीड एवढी शिस्तीत बसत नाही. या बीजाणूंच्या पेट्या आहेत. नेच्याला फूल नाही, बी नाही. बीजाणू ओल्या जागी पडला की नखाएवढी हिरवी चकती उगवते, आणि तिच्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच नरपेशी पोहत अंडपेशीपर्यंत जाते. तेव्हा कीटकनाशकाचा फवारा खाली ठेवा.

जुन्या विहिरींच्या चुन्याच्या जोडकामात दिसणारा हंसराज, तोही नेचाच, कुणी लावलेला नसतो. तिथे तो असाच, ओलीवर उगवतो.

[दृश्य : कुंडीच्या काठावरून लोंबणारे तपकिरी दोरे]

घरी मात्र बीजाणूंच्या नादी लागू नये. कुंडीबाहेर हे जे दोरे लोंबतात, ते वाळकी मुळं समजून कापले जातात. खरं तर ते धावते कोंब. पाऊस स्थिरावला की एखादा दोरा शेजारच्या ओल्या कुंडीत टेकवा, वर खडा ठेवा. गठ्ठा दाटला असेल तर जुलैतच सुरीने दोन भाग करा. पोळा-मारबतीच्या सुमारास मधून कोवळ्या पानांच्या गुंडाळ्या उलगडताना दिसतील. तोवर खत घालू नका. नंतरही घालाल ते अर्ध्या मात्रेत.