फोटोपुरता श्वास

नमस्कार मंडळी. मघाशी दारातच दोघांनी मला ‘काय हो, पोट सुटलं!’ म्हटलं आणि माझ्या बायकोला ‘अय्या, किती बारीक झालीस!’ मी ओशाळून हसलो, ती खूश झाली. वर्षाने भेटलेल्या माणसाला आपण आधी नजरेनंच काट्यावर चढवतो, ‘बरे आहात ना’ मागाहून.

परवा नातीनं विचारलं, “आजोबा, फोटो काढताना तुम्ही श्वास का कोंडता?” घरभर हशा. मीही हसलो, पोट आत घेऊनच.

चाळिशीपर्यंत मी आरशात पाहायचो ते दाढीपुरतं. जिन्यावर धाप लागली तेव्हा शरीर आठवलं. तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, पन्नाशीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांचे केस विरळ होतात. टक्कल आपण विनोदावर नेतो. (माझा भांग सरकत सरकत कानापाशी आलाय.)

बायकांचं दुखणं फार आधी सुरू होतं. १९८५ साली फॅलन आणि रोझिन या अमेरिकी संशोधकांनी कॉलेजातल्या मुलामुलींना बारीक ते जाड अशा आकृत्या दाखवल्या. मुलगे स्वतःवर बऱ्यापैकी खूश. मुलींना मात्र आपण हवं त्यापेक्षा जाड आहोत असं वाटलं. आणि पुरुषांना जितकी बारीक बाई आवडते असं त्या समजत होत्या, तितकी बारीक पुरुषांनाही नको होती! पुढे २००४ मध्ये मारिका टिगमन यांनी अनेक अभ्यास पडताळले. बायकांची शरीराबद्दलची नाराजी वयानुसार फारशी हलत नाही, पण दिसण्याचं महत्त्व कमी होत जातं.

हे बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, “नाराज आहेच मी. पण आता तेवढा वेळ कुणाला आहे?”

रजोनिवृत्तीनंतर चरबी कंबरेकडे सरकते. त्यातही आळस शोधणारे आपणच.

नातीला श्वास कोंडलेला दिसतो, म्हणजे बाकीचंही दिसत असणार. आपली बोलणी तर तिला ऐकूच येतात.

मला जास्त घोर मुलग्यांचा आहे. मुलगी जेवण टाळू लागली तर आपण निदान घाबरतो. मुलगा तासन्‌तास वजनं उचलतो, पिळदार दंड चाचपून ‘अजून काडीच आहे’ म्हणतो, तेव्हा आपण पाठ थोपटतो. या छळाला १९९७ पासून ‘मसल डिसमॉर्फिया’ असं नाव आहे. यातला कुठला पोरगा हौसेनं घाम गाळतोय आणि कुठला भीतीनं, हे मला बघून ओळखता येत नाही. तुम्हाला येतं का?