झाड म्हातारं नाही, पोखरलंय

(दृश्य: बुंधा, अगदी जवळून)

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या आवारातला हा हापूस. बुंध्याशी सांडलेला भुसा बघा, करवतीखाली पडतो तसाच. हातभर वर सालीला भोक, त्यातून ओघळलेला काळपट चीक. हा खोडकिडा.

लांब मिशांचा भुंगेरा पावसाळ्यात सालीच्या फटीत अंडी घालतो. अळी आत शिरते आणि वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, लाकूड खात राहते. अन्नरसाची वाट तुटते, एकेक फांदी शेंड्याकडून वाळत येते. लोक वर बघतात आणि म्हणतात, झाड म्हातारं झालं. बघायचं असतं खाली.

(दृश्य: भोकात जाणारी तार)

आधी पटाशीनं भोकाभोवतीची मेलेली साल तासायची, निरोगी ओलं लाकूड लागेपर्यंत. मग टोकाला आकडा वळवलेली बारीक तार. बोगदा सरळ नसतो, म्हणून तार रेटायची नाही, फिरवत न्यायची. टोकाला मऊ लागलं की आकडा वळवून ओढायचा. ही बघा अळी: पिवळट पांढरी, तपकिरी डोक्याची, बोटाएवढी.

मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वरून चिखलानं घट्ट लिंपायचं. काम चालू असताना जवळपास विडी-काडी नको. भोकं बहुधा एकाहून जास्त असतात. प्रत्येकाला खडूची खूण करा, एखादं राहून गेलं की मेहनत वाया.

(दृश्य: निळी पेस्ट कालवताना)

जखमांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत, पाच-पाच लिटरमध्ये. निवलेला चुना गाळून घ्या, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि ढवळत राहा. लोखंडी सुरीचं पातं बुडवा: तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. तासलेल्या जागी आणि बुंध्याला तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावा. ठाण्याच्या पावसात एकदा लावून भागत नाही. मेअखेर एकदा, पाऊस सरल्यावर पुन्हा.

(दृश्य: खोडाला भिडलेले पेव्हर ब्लॉक)

हे मात्र किड्याचं काम नाही, हे आपण केलंय. मुळांना ना हवा, ना पाणी. चारही बाजूंनी निदान मीटरभर ब्लॉक काढा, माती हलकी मोकळी करा. खोडाला मातीचा ढीग मात्र लावू नका, साल कुजते.

मोहोराच्या दिवसांत खाली लावलेल्या गाड्या चिकट होतात, तो तुडतुड्यांचा स्राव; पुढे त्यावर काजळी धरते, मोहोर गळतो.

झाड तोडायला राज्याच्या १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानं महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो अर्ज लिहिण्याआधी ही तार घालून बघा.

(दृश्य: बुंधा, झाडू)

जुना भुसा झाडून टाकलाय. आठवड्यानं इथं ताजा दिसला, तर अळी अजून आत आहे.