एस्केप आधी, बाकी मंग

तर पोट्टेहो, विम म्हणजे नुसत्या कीबोर्डवर फाईल लिहायचा अन् दुरुस्त करायचा प्रोग्राम. तो उघडला की पहिला झटका हाच बसते, टाईप करायला जावं तर अक्षर उमटत नाही, कर्सर भलतीकडे पळते, एखादी ओळच गायब होते, अन् बाहेर कसं पडायचं ते समजत नाही म्हणून माणूस खिडकीच बंद करून टाकते. म्हणून आधी निघायचं शिका. एस्केप दाबा, मंग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर, म्हणजे काही सेव्ह न करता बाहेर. सेव्ह करून निघायचं असन तर कोलन डब्ल्यू क्यू. येवढं आलं की भीती जाते.

आता हे असं विचित्र काऊन बनवलं? 1976 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत बिल जॉय नावाच्या प्रोग्रामरनं व्हीआय, म्हणजे विमचा बाप, लिहिला तेव्हा त्याच्या घरी 300 बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं. 80 अक्षरांच्या 24 ओळींचा स्क्रीन पुन्हा भरायचा म्हटलं तर मिनिटभर पाहत बसा. त्यामुळं एकेका अक्षरात काम उरकणं भाग होतं, म्हणून इथं अक्षर दाबलं की ते उमटत नाही, कमांड म्हणून चालते. त्याच्या एडीएम-3ए टर्मिनलला, म्हणजे स्क्रीन अन् कीबोर्डच्या डब्याला, बाणाची वेगळी बटनं नव्हती, एच जे के एल वरच बाण छापलेले होते, अन् आज टॅब आहे त्या जागी एस्केप होतं, करंगळीजवळ. संध्याकाळी आपल्या गावात नेटवर्कची एक कांडी राहते, तेव्हा नागपूरच्या सर्वरवर लॉगिन करून फाईल दुरुस्त करणाऱ्याला हा हिशेब लवकर पटते. माऊसची तिथं गरजच पडत नाही.

(विम हा व्हीआयचा सुधारलेला अवतार, ब्रॅम मूलेनारचा, 1991 चा. नुसता विम उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असं पहिल्या स्क्रीनवरच दिसते. ब्रॅम 2023 मध्ये वारला, ती ओळ मात्र राहिली.)

कमांडचे कागद छापून भिंतीला चिकटवू नका, त्यानं काही होत नाही. हाताले काम द्या. समजा कापसाच्या काटापट्टीची फाईल आहे, जानेवारीतल्या नोंदीत कोणीतरी सवयीनं 2023 च टाकून ठेवलं, डिसेंबरच्या नोंदी मात्र बरोबर आहेत. सगळंच एका झटक्यात बदललं तर डिसेंबरचा हिशेब बसला. म्हणून तिरपी रेघ, 2023, एंटर, कर्सर पहिल्या 2023 वर जाते. चुकीचं असन तर सी डब्ल्यू दाबा, तो शब्द पुसला जाते, 2024 लिहा, एस्केप. आता एन दाबा, पुढचं 2023 सापडते. डिसेंबरचं असन तर पुन्हा एन, जानेवारीचं असन तर फक्त टिंब. हो, पूर्णविरामाचं टिंब, मागचा बदल जसाच्या तसा पुन्हा होते. एन, टिंब, एन, एन, टिंब असं करत फाईल संपते. माया मते विमात येवढं टिंब शिकलं तरी पैसे वसूल, तेही फुकटच्या सॉफ्टवेअरचे. चुकलं तर यू, बदल मागे जाते, अन् यू जास्त दाबला गेला तर कंट्रोल आर.

एक आपल्याकडची भानगड सांगतो, पुस्तकात सापडत नाही. मराठीत लिहून राहिले असान अन् इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी कीबोर्ड, चालूच राहिला तर एस्केपनंतर एच जे के एल चं प र क त होते, विम ढिम्म हलत नाही, अन् पोरं म्हणतात हँग झाला. कीबोर्ड इंग्रजीवर आणा, चालू होते.

नॅनो नावाचा सोपा एडिटर काऊन नाही म्हणून विचारलं कोणीतरी. वापरा न भाऊ, दोन ओळींसाठी चांगला आहे, खाली कमांडही लिहून येतात. पण रोज फायलींतच बसणार असान तर विम शिकाच.

लॅपटॉप नसन तर अँड्रॉइड मोबाईलवर टर्मक्स नावाचं कमांड लिहायचं ॲप टाका, त्यात पीकेजी इन्स्टॉल विम असं लिहून एंटर मारा. मोबाईलच्या कीबोर्डवर एस्केप नसते, टर्मक्स ते वरच्या पट्टीत देते, नाहीतर आवाज वाढवायचं बटन धरून ई दाबा. मंग विमट्यूटर लिहून एंटर मारा, अर्ध्या तासाचा धडा आहे, इंग्रजी सोपं आहे, अडलं तर शेजारच्याले विचारा. चार्जिंग आहे तोवर सुरू करा, लाईटचा काही भरवसा नाही.