बदल थांबला की वीज थांबली

नमस्कार, श्रोतेहो! सायकलचा डायनॅमो आठवतो ना? पॅडल मारलं की दिवा पेटायचा, पाय टेकले की विझायचा. त्याच्या पोटात होतं काय? एक चुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी. आज त्याबद्दलच बोलायचंय, पण आधी जिनिव्हाची एक गोष्ट ऐका.

साल १८२५. विजेमुळे चुंबकसुई वळते, हे ओरस्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० मध्येच दाखवलं होतं. मग चुंबकामुळे वीज का निर्माण होऊ नये? झां-दानिएल कोलादों या तरुण शास्त्रज्ञाने हेच करून बघायचं ठरवलं. तारेची गुंडाळी केली, तिला गॅल्व्हॅनोमीटर, म्हणजे तारेतून वीज वाहिली की सुई हलवून दाखवणारा मीटर, जोडला. माणूस मोठा काटेकोर. आपल्या दणकट चुंबकाने मीटरची सुई थेट ओढली जाऊ नये, म्हणून त्याने लांब तारा टाकल्या आणि मीटर नेऊन ठेवला दुसऱ्या खोलीत! चुंबक गुंडाळीत सारला आणि निघाला मीटर बघायला. पोचतो तर सुई जागच्या जागी, स्थिर.

श्रोतेहो, वीज निर्माण झाली होती! चुंबक आत सरकला त्या क्षणी सुई हलली आणि परत शून्यावर आली. कोलादों तेव्हा दोन खोल्यांच्या मधे होता. मीटरपाशी कुणी उभं असतं, तर या शोधावर आज त्याचं नाव असतं. ही गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी मला हळहळ वाटतेच.

सहा वर्षांनी, १७ ऑक्टोबर १८३१ ला, लंडनमध्ये मायकेल फॅरडेने चुंबक गुंडाळीत झटकन सारला. सुई हलली. बाहेर काढला, सुई उलटी हलली. नुसता ठेवला, काही नाही. हा फॅरडे लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. हातांनी शिकलेला माणूस. आपल्या शाळांत मात्र गॅल्व्हॅनोमीटर कपाटात आणि आकृती फळ्यावर! ती कपाटं उघडा हो, मुलांच्या हातात चुंबक द्या.

तर मुद्दा असा. वेटोळं चुंबकीय क्षेत्रात, म्हणजे चुंबकाचा प्रभाव असतो तिथे, शिरताना वीज. संपूर्ण आत गेल्यावर, क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर, ते सरळ कितीही वेगाने सरकवा, वीज नाही. बाहेर पडताना पुन्हा वीज, उलट दिशेची. म्हणजे नुसतं हलणं पुरत नाही, वेटोळ्यातून जाणारं क्षेत्र बदलायला हवं. पुन्हा सांगतो, बदलायला हवं. वेटोळं गोल फिरवत ठेवलं की बदल चालूच राहतो, आणि वीजही. खोपोलीला १९१५ पासून घाटावरचं पाणी जनित्रं फिरवतंय ते याच तत्त्वावर.

ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र चुंबकही हलत नाही आणि तारही नाही. तरी वीज पलीकडे जाते कशी? ते पुढच्या भागात. नमस्कार.